खाली सिलिंडर खाली नसतो

आमच्या गोंदियात ‘खाली’ हा शब्द एकाच वेळी दोन भाषांत राहतो. मराठीत तो दिशा दाखवतो, हिंदीत तो रिकामेपण सांगतो. बाजार हिंदीत चालतो, घर मराठीत किंवा पोवारीत, आणि माणूस दिवसभर या दोहोंमधून ये-जा करत असतो. त्यामुळे ‘डबा खाली आहे’ असे कोणी म्हटले, तर तो फळीच्या खालच्या कप्प्यात आहे की त्यातले संपले आहे, हे ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचे. शाळेत शिकवत असताना मुलांच्या वह्यांत हा शब्द आला, की मी त्याखाली लाल रेघ ओढून समासात ‘रिकामा’ असे लिहीत असे. तो भाषाशुद्धीचा प्रश्न आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती. पुढे याच शब्दापायी एका माणसाचे हात भाजले, आणि दोष मात्र एका बिडीवर ढकलला गेला. ती बिडी कधी पेटलीच नव्हती. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही.

मी विज्ञान शिकवत असे. शाळा विनाअनुदानित होती. अनुदान पुढच्या वर्षी नक्की येणार असे दर वर्षी सांगितले जाई आणि आम्ही शिक्षक ते दर वर्षी खरे मानत असू. शेवटी मी शहराबाहेरच्या एका राइस मिलच्या गोदामात देखरेखीचे काम पत्करले. तिथे धान भिजवून, वाफवून, वाळवून त्याचा उसना तांदूळ काढत आणि कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून तो ट्रकवर चढवत. थप्प्या सरळ रचल्या जातात की नाही, ओला कट्टा कोरड्यांत मिसळत नाही ना, हे पाहणे माझे काम होते. हमाल मला पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणत, कारण त्यांच्यातल्या काहींची मुले माझ्या वर्गात बसून गेली होती. मॅनेजर ‘मॅडम’ म्हणत. या दोन संबोधनांत फरक होता. बाई म्हणणारे ऐकून घेत. मॅडम म्हणणारे ऐकून घेतल्यासारखे करत.

मी आले त्याच सुमारास मिलचे मालक असलेल्या शेठजींनी कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून एक जुनी फोर्कलिफ्ट आणली. पुढे दोन लांब लोखंडी दाते, ते लाकडी फळ्यांच्या चौकटीखाली घालायचे आणि कट्ट्यांची अख्खी थप्पी उचलायची. हमालांनी तिचे नाव ‘दोनदात्या’ ठेवले. ती गॅसवर चाले. स्वयंपाकघरातल्या गॅससारखाच हा गॅस, प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. पण सिलिंडरची रचना वेगळी. घरचा सिलिंडर उभा असतो आणि वर साठलेली वाफ शेगडीला देतो. फोर्कलिफ्टचा सिलिंडर चालकाच्या पाठीमागे आडवा झोपलेला असतो आणि तळाशी असलेला द्रव इंजिनाला देतो. म्हणून तो कसाही झोपवून चालत नाही. त्याच्या कड्याला एक भोक असते आणि गाडीवर एक खुंटी असते. भोकात खुंटी बसली, तरच आतली नळी तळाकडे राहते.

ही माहिती मला नागपूरहून आलेल्या मेकॅनिकने दिली. त्याने एका दिवसात सगळे दाखवले आणि तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला. दाखवलेले आणि शिकवलेले यांत अंतर असते. ते भरून काढायचे काम कोणी मला सांगितले नव्हते, पण सवयीने मी ते अंगावर घेतले.

फोर्कलिफ्टची ही गाडी चालवणारा नागऱ्याजवळच्या एका गावचा होता. चाळिशीला टेकलेला, पूर्वी ट्रॅक्टर चालवलेला, बोलण्यात रोखठोक. गावच्या बुद्धविहारात जयंतीच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन तोच करत असे, त्यामुळे चार लोकांपुढे बोलण्याची त्याला भीती नव्हती. आम्ही दोघांनी मिळून सिलिंडर बदलण्याची रीत बसवली. गाडी उघड्यावर न्यायची. आसपास खड्डा, नाली, चूल, उघडी वायर नको. दाते जमिनीला टेकवायचे, ब्रेक ओढायचा. इंजिन चालू असतानाच सिलिंडरची चावी बंद करायची आणि नळीतला उरलेला गॅस जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचे. मगच किल्ली फिरवायची. हातमोजे घालायचे, कारण द्रव गॅस कातडीवर पडला तर तो इतका थंड असतो की भाजल्यासारखा फोड येतो. जोड हाताने सोडवायचा, हाताने आवळायचा, पाना लावायचा नाही. नवा सिलिंडर बसवण्यापूर्वी त्याच्या तोंडातले रबरी वायसर बोटाने चाचपायचे. चावी हळू उघडायची आणि जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचे.

“काडी लावून पायलं त नाई चालत का?” त्याने पहिल्याच दिवशी विचारले. आमच्याकडे पुष्कळ घरांत गळती अशीच तपासतात: रेग्युलेटरजवळ पेटती काडी धरतात, ज्योत वाढली तर गळती आहे.

“चालते की,” मी म्हटले. “फक्त उत्तर सांगायला तू उरत नाहीस.”

तो हसला नाही. त्याने काड्यापेटी खिशातून काढून कपड्यांच्या खोलीत ठेवून दिली आणि त्यानंतर कामावर कधी आणली नाही.

अडचण आली ती शब्दाची. संपलेल्या सिलिंडरला सगळे ‘खाली’ म्हणत. मी समजावत असे की तो रिकामा नसतो. द्रव संपला तरी आत दाबाखालची वाफ असते, थोडा द्रव कडेला राहतोच. इंजिन चालवण्याइतका गॅस नसला, तरी माणूस भाजण्याइतका असतो. म्हणून त्याची चावीही भरलेल्यासारखीच घट्ट बंद करायची आणि त्यालाही भरलेल्याच्याच मानाने वागवायचे. हे ऐकताना माना डोलत. पण ‘खाली’ हा शब्द पुन्हा तोंडातून निघाला, की मान डोलावलेली व्यर्थ जाई. खाली वस्तूला कोण जपतो?

मी ‘रिकामा’ सुचवला, ‘रिता’ सुचवला. गाडीवाल्याने दोन्ही नाकारले. “थेच झालं न बाई. रिता म्हना का खाली म्हना, मानूस त थाच समजन. थकला म्हना. थकला म्हंजे मेला नाई.”

हा शब्द चालला. आमच्या फळीवर त्या दिवसापासून ‘भरला’ आणि ‘थकला’ असे दोनच प्रकारचे सिलिंडर असत. हमालही सहज म्हणू लागले, “हा थकला, याले तिकडे बसव.” तास संपताना फळ्यावर एक नेमके वाक्य उरले की शिक्षकाला जे वाटते, ते मला तेव्हा वाटले.

मॅनेजरांनी मात्र तो शब्द कधी उच्चारला नाही. ते मोठ्या शहरातून आलेले, पदविकाधारक, आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांच्याबद्दल मी अन्याय्य लिहू इच्छित नाही. कामात चोख, वेळेचे पक्के, वागण्यात सभ्य. पण हमालांनी घडवलेला शब्द आपण वापरायचा म्हणजे एक पायरी उतरणे, असे त्यांना वाटत असावे.

पावसाळ्यात एके दिवशी त्यांनी मला बोलावले. मोकळ्या पटांगणात आम्ही चुन्याने आखलेली सिलिंडरची जागा त्यांना ट्रक वळवायला हवी होती. शिवाय पाऊस होता, आणि बाहेर ठेवलेले सिलिंडर चोरीला जातील अशीही भीती होती. “भरलेले बाहेरच राहू द्या, जाळीत कुलूप लावून,” ते म्हणाले. “खाली आत घ्या. एलिव्हेटरजवळ जागा आहे.”

एलिव्हेटर म्हणजे धान वर चढवणारा डबड्यांचा पट्टा. त्याचा पाय जमिनीखाली, माणसाच्या उंचीपेक्षा खोल खड्ड्यात असतो. धान आधी त्या खड्ड्यात पडते आणि मग वर जाते.

“खड्ड्याजवळ नको,” मी म्हटले. “आणि ते रिकामे नसतात. त्यांत गॅस असतो.”

“गॅस असतो? मग ते खाली कसे?”

“म्हणूनच आम्ही त्यांना खाली म्हणत नाही.”

ते हसले. “मॅडम, तुम्ही शब्दावर फार जाता.”

“हा गॅस हवेपेक्षा जड आहे, साहेब. गळला तर वर जात नाही. पाण्यासारखा जमिनीवरून वाहतो आणि जिथे खोलगट भाग मिळेल तिथे साठतो. त्या खड्ड्यात माणूस उतरतो.”

“हे आठवीच्या वर्गात फार छान वाटेल,” ते शांतपणे म्हणाले. “इथे मला उद्या सकाळी ट्रक लावायचे आहेत. आणि मी स्वतः चेक करून घेईन. खाली असेल तोच आत जाईल.”

मी शेठजींकडे जाण्याचा विचार केला. शेठजी बाहेरगावी होते. गाडीवाल्याने सिलिंडर आत नेले. चाव्या आपण बंद करूनच दिल्या, असे त्याने मला आपणहून सांगितले. त्यानंतर मॅनेजर स्वतः तिथे गेले आणि शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी चेक केले. कसे, ते मला नंतर कळले.

खड्ड्यात उतरणारा हमाल दरेकशाकडचा, डोंगरातल्या गावचा. पन्नाशी ओलांडलेला. घरी गोंडी बोलणारा, आमच्याशी आमच्या बोलीत. दर माघात तो कचारगडाच्या जत्रेला जाऊन येई आणि आल्यावर काही दिवस त्याच्या गमछ्याला हळदीचा पिवळा डाग असे. एलिव्हेटर अडकला की त्यालाच हाक मारत, कारण तळाशी साचलेले धान हाताने उपसण्याची त्याची पद्धत सगळ्यांत जलद होती. त्याला एकच व्यसन होते: खर्रा. सुपारी आणि तंबाखू घोटून केलेला हा आमच्या भागाचा मुखवास सकाळी त्याच्या गालात जाई आणि जेवणापुरताच बाहेर येई. बिडीचा त्याला ठसका लागत असे. ही गोष्ट मिलच्या फाटकावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होती.

सिलिंडर आत गेल्याच्या दुसऱ्या सकाळी पाऊस तिरपा होता, म्हणून गोदामाची दारे ओढून घेतली होती. ओला कोंडा चिकटून एलिव्हेटर थांबला. तो हमाल खाली उतरला. मराठीतल्या अर्थाने खाली. उतरताना तो म्हणाला, “वास येऊन राह्यला.”

वरचे हमाल हसले. “तुले आज मालूम पडलं का, मामा? इथं त रोजच वास येते.”

हे हसणे क्रूर नव्हते. उसन्या तांदळाच्या मिलमध्ये भिजत घातलेल्या धानाचा आंबूस, सडका वास रात्रंदिवस असतो. घरात गॅस गळला की जो कुजका वास आपल्याला उठवतो, तो मुद्दाम गॅसमध्ये मिसळलेला असतो, सावध करण्यासाठी. आमच्या मिलमध्ये ती सूचना त्या आंबूस वासात बुडून गेली. बंद जागेत नाकावर विसंबू नये, हे मी पुढे प्रत्येकाला सांगत आले आहे.

“दिसून नाई राह्यलं,” खड्ड्यातून आवाज आला. “लाइट लाव गा.”

जवळ उभ्या असलेल्या गाडीवाल्याने भिंतीवरचे बटन दाबले. खड्ड्यातल्या दिव्याचा होल्डर सैल होता. दिवा लागण्याआधी तिथे एक ठिणगी उडत असे. त्या दिवशी ती उडाली आणि खड्डा भक्कन निळा झाला. आवाज फार मोठा नव्हता, कोणीतरी जड सतरंजी झटकल्यासारखा. मग तो माणूस स्वतःच शिडीने वर आला, दोन्ही हात पुढे धरून. भुवया नव्हत्या. हातांची कातडी पांढुरकी झाली होती. त्याने पहिला शब्द उच्चारला तो असा: “का होतं बाप्पा थे?”

गाडीवाल्याने धावत जाऊन मुख्य बटन पाडून वीज तोडली आणि तो सिलिंडरांकडे गेला. एकाची चावी उघडी होती. ती त्याने बंद केली, सगळे ओढत दाराबाहेर नेले. मी जखमीच्या हातांवर नळाचे साधे पाणी सोडले आणि सोडत राहिले. कोणी टूथपेस्ट आणली, कोणी हळद. मी दोन्ही परत पाठवल्या. भाजलेल्या जागी फक्त वाहते पाणी, आणि मग स्वच्छ कापड. खर्रा अजून त्याच्या गालातच होता. मी त्याला तो थुंकायला सांगितला, तेव्हा तो वेदनेतही जरा नाराज झाला.

मॅनेजर आले. खड्ड्यात वाकून पाहिले. वर आलेल्या माणसाकडे पाहिले. आणि एकही प्रश्न न विचारता म्हणाले, “बिडी पेटवली असेल.”

राग म्हणजे काय, हे मला तोपर्यंत माहीत आहे असे वाटत होते. वर्गात खोटे बोलणाऱ्या मुलावर येतो तो राग मला माहीत होता. त्याला तळ असतो, कारण मूल घाबरून खोटे बोलते. इथे घाबरणे नव्हते. उत्तर आधीच तयार होते. फक्त घटना घडायची राहिली होती. दवाखान्यातही तेच सांगितले गेले: बिडी पेटवताना भाजला. डॉक्टरांनी ते ऐकले आणि मलमपट्टी केली. त्यांचा काय दोष?

नुकसान कोणते होते, ते इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आमच्या भागात हमालाचे काम नावावर मिळते. अमक्याचा हात जलद आहे, तमका थप्पी वाकडी लावतो, अशी ख्याती एका मिलमधून दुसरीत त्याच्या आधी पोचते. एलिव्हेटरच्या खड्ड्यात बिडी पेटवणारा माणूस, असे नाव एकदा पडले की त्याला कोणताही मुकादम फाटकाच्या आत घेणार नाही, आणि ते योग्यच ठरेल. हात बरे झाले असते. नाव बरे होण्याचे औषध नव्हते.

शेठजी दुसऱ्या दिवशी परतले. त्यांच्या खोलीत मॅनेजर, गाडीवाला आणि मी; तो हमालही होता, हातांना पट्ट्या, बाकाच्या कडेला टेकलेला. शेठजी मऊ आवाजाचे. त्यांनी हमालाला विचारले, “भैया, बीड़ी क्यों जलाया वहाँ?”

तो गाडीवाल्याकडे पाहू लागला. गाडीवाला म्हणाला, “तोंडात खर्रा ठेवून बिडी कोन ओढते, शेठ? दोन्ही संगं कोनाले जमते, मले दाखवा. मी बी शिकतो.”

मॅनेजर म्हणाले, “विनोदाची वेळ नाही.”

“विनोद तुमी केला साहेब, बिडी सांगून. बटन मी दाबलं. लाइट लावाले. म्हनून भडकलं.”

त्याने हे बोलायला नको होते, असे क्षणभर मला वाटले, कारण पुढचे वाक्य मला ऐकू येऊ लागले होते. आणि ते आलेच.

“म्हणजे चूक तुझी,” मॅनेजर म्हणाले.

मी बोलले. माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, हे मला नंतर कळले. “बटन दाबण्यासाठीच असते, साहेब. अंधारात उतरलेल्या माणसाने दिवा मागितला आणि दुसऱ्याने लावला. यात चूक कुठे आहे ते मला दाखवा. प्रश्न हा आहे की खड्ड्यात गॅस कुठून आला.”

“खाली सिलिंडरमधून गॅस येत नाही,” ते म्हणाले. “मी स्वतः प्रत्येकाची चावी उघडून पाहिली होती. फूस आवाज आला नाही. म्हणजे खाली.”

हे त्यांनी अभिमानाने सांगितले. आपण काय सांगतो आहोत, ते त्यांना कळले नव्हते. चावी उघडी का सापडली, ते मला त्या क्षणी कळले: चेक करून झाल्यावर बाकीच्या बंद केल्या, तरी ही एक त्यांनी तशीच सोडली होती. खाली वस्तूची चावी बंद करण्याची गरज काय?

मी शेठजींना बाहेर चलायची विनंती केली. पाऊस थांबला होता. पटांगणात, चुन्याच्या पुसट झालेल्या चौकटीत, गाडीवाल्याने तोच सिलिंडर आणून ठेवला. आजूबाजूला कोणी पेटते काही घेऊन नाही, गाड्या बंद आहेत, हे मी आधी पाहिले. मग हातमोजे घालून सगळ्यांसमोर चावी उघडली. आवाज आला नाही.

“देखा?” मॅनेजर म्हणाले.

“आवाज येणारच नाही,” मी म्हटले. “या सिलिंडरच्या तोंडात आणखी एक झडप असते. नळी जोडल्याशिवाय ती गॅस सोडत नाही. त्यामुळे आत काही नसले तरी शांतता, आणि असले तरी शांतता. या तपासणीचे उत्तर नेहमी ‘खाली’ असेच येणार. जी तपासणी एकच उत्तर देते, तिला तपासणी म्हणत नाहीत.”

गाडीवाल्याने वाटीतले साबणाचे पाणी तोंडावर लावले. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग त्या तोंडाच्या कडेला एक बुडबुडा फुगला, सावकाश, मुलांनी कागदाच्या नळीतून फुगवावा तसा. तो फुटला. दुसरा आला. आतल्या झडपेला टेकणारे रबरी वायसर चिरलेले होते, म्हणून ती झडप पुरती बसत नव्हती. त्यातून हा ‘खाली’ सिलिंडर बंद दारांआड, खड्ड्याच्या काठावर, गुपचूप श्वास सोडत राहिला होता. मी चावी बंद केली, बुडबुडे थांबले.

शेठजी वाकून पाहत होते. “खाली में इतना?” ते स्वतःशीच म्हणाले.

हमाल मागे उभा होता. तो म्हणाला, “थकला होता जी. मेला नोहता.”

शेठजींनी निर्णय त्वरित दिले. सिलिंडर बाहेर जातील, ट्रक दुसरीकडून वळतील, होल्डर आणि वायसर बदलले जातील, आणि हात बरे होईपर्यंत औषधपाणी व रोजी मिल देईल. हे मी नमूद करते, कारण ते खरे आहे. पण मॅनेजर आत गेल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडमजी, बीड़ी की बात रहने दो. इन्शुरन्सवाला पूछेगा, फॅक्टरी इन्स्पेक्टर पूछेगा. बीड़ी में किसी का नुकसान नहीं.”

किसी का नहीं. हे शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जराही लाज नव्हती, उलट एक प्रकारची दयाळू समजूत होती. ज्याचे नुकसान होणार होते तो दहा पावलांवर उभा होता, आणि तरीही त्यांच्या हिशेबी तो ‘किसी’मध्ये येत नव्हता. “त्याचे आहे,” मी बोट दाखवून म्हटले. शेठजींनी तिकडे पाहिले, मान हलवली आणि ते जेवायला गेले.

आठवड्याभरात गोदामाच्या दारावर पत्र्याची पाटी लागली. पेंटरने सुबक अक्षरांत लिहिले होते: ‘बिडी ओढल्याने येथे अपघात झाला आहे. सावधान.’ ट्रकवाले थांबून वाचत आणि विचारत, कोणाने ओढली? हमालांच्या नजरा खड्ड्याकडे वळत. हातांची नवी गुलाबी कातडी सांभाळत तो परत आला, तेव्हा पाटीसमोर उभा राहून त्याने मला विचारले, “का लिवलं हाये, बाई?”

मी वाचून दाखवले. खोटे सांगता आले असते, जमले नाही.

“माह्यासाठीच हाये न हे,” एवढेच तो म्हणाला आणि खड्ड्याकडे गेला.

मी मॅनेजरांकडे गेले आणि पाटी काढण्यास सांगितले. “पाटीने काय होते, मॅडम?” ते म्हणाले. “सूचना तर चांगलीच आहे. गॅसजवळ बिडी ओढू नये, हे बरोबर नाही का?”

“बरोबर आहे. पण त्यात ‘अपघात झाला आहे’ असे विधान आहे, आणि ते विधान चूक आहे.”

“किती बारीक पाहता.”

“मी सगळे आयुष्य फळ्यावर काम केले आहे, साहेब. फळ्यावर चुकीचे वाक्य राहिले, तर ते पुसल्याशिवाय शिक्षकाने वर्गाबाहेर जायचे नसते.”

त्यांनी होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. गाडीवाल्याने आणि मी पाटी उतरवून पटांगणाच्या टोकाला नेली. रंग काढायला कोणी रॉकेल आणले, ते मी परत पाठवले. विटेच्या तुकड्याने घासूनही रंग निघतो, फक्त वेळ लागतो. वेळ लागला. जेवणाच्या सुटीत दुसरे दोघे हमाल आपणहून घासायला बसले. मग पेंटरला बोलावले नाही. मीच ब्रश घेतला आणि शाळेतल्या वळणाने लिहिले:

‘खाली सिलिंडर खाली नसतो. त्यातला गॅस खाली जातो. चावी बंद करा, उघड्यावर ठेवा.’

पाटी परत दारावर चढत असताना मॅनेजर तिथून जात होते. थांबून त्यांनी वाचले. “‘खाली’ तीनदा आले आहे, मॅडम,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटले. “तीनदा यायलाच हवे.”

पुढच्या हंगामात मला त्या मिलने बोलावले नाही. कारण सांगितले गेले नाही आणि मी विचारलेही नाही. गाडीवाला तिथेच राहिला. त्याच्याकडून पुढचे कळत असे. पाटी कोणी काढली नाही. कदाचित तिच्यावरचे मराठी वाचायला कोणी तपासनीस कधी आला नसावा. मला अजूनही संताप येतो तो याचा, की एका माणसाला खरे ठरवायला साबणाचे पाणी, एक शेठ, एक शिक्षिका आणि दुपारभर घासलेली वीट लागली. त्याला खोटे ठरवायला मात्र एक वाक्य पुरले होते, तेही खड्ड्यात वाकून, सहज बोललेले.

तो हमाल नंतर आमगावच्या वाटेवरच्या दुसऱ्या एका मिलमध्ये काम मागायला गेला. तिथल्या मुकादमाने त्याच्या हातांकडे पाहून विचारले म्हणे, “तूच का गा थो, बिडीवाला?”

त्याने गालातला खर्रा दुसरीकडे सरकवला आणि म्हणाला, “जाय, पाटी वाचून ये.”

मुकादम खरेच वाचून आला. त्याने त्याला घेतले.